आक्काला काय झालं होतं?

मागच्या डिसेंबरात ताई बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली. माहेर म्हणजे आमचं मेहरूण, जळगावातलं. बाकी महाराष्ट्राला मेहरूण माहीत असेल तर ते बोरांमुळे. तेव्हा बोरांचाच सीझन होता, मीही वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आलो होतो आणि आईची आई, म्हणजे आमची आजी, नातीच्या बाळंतपणासाठी यावलकडून मुद्दाम येऊन राहिली होती. एकूण घर भरलेलं, सगळे खुश.

ताईचे पाय सुजले होते. आई म्हणाली, "शेवटी शेवटी सगळ्यांचेच सुजतात." ताईचं डोकं दुखत होतं. ते प्रवासामुळे. डोळ्यांपुढे मधूनच चमकल्यासारखं होत होतं. ते लॅपटॉपमुळे. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर चुकीचं होतं.

इथल्या डॉक्टरबाईंकडे पहिल्यांदा दाखवायला नेलं तेव्हा बीपी निघालं १५०/१००. बाईंनी दहा-पंधरा मिनिटांनी परत मोजलं. तेवढंच. लघवी तपासली, त्यात प्रोटीन. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का? आईला? बहिणीला?" ताई म्हणाली, "नाही." पुण्याच्या फाईलमध्येही तेच लिहिलेलं होतं. फॅमिली हिस्ट्री : काही नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचा लेख तुम्ही निवांत वाचाल. ताईला लगेच ॲडमिट केलं, औषधं सुरू झाली आणि छत्तिसाव्या आठवड्यात सीझर झालं. मुलगी झाली, २ किलो १०० ग्रॅम. दोघी ठणठणीत आहेत.

पण खरी गोष्ट त्या दिवशी संध्याकाळी घडली. ताईला ॲडमिट करून आम्ही घरी आलो, आणि आजी एकदम म्हणाली, "आक्काले बी असंच झालं व्हतं."

आक्का म्हणजे आजीची थोरली बहीण. ती लहानपणीच वारली एवढंच आम्हाला माहीत. त्या संध्याकाळी कळलं की ती 'लहानपणी' म्हणजे सतराव्या वर्षी वारली होती, १९५५च्या आसपास, पहिलटकरीण असताना. पाय सुजले, तोंड सुजलं, डोकं दुखायला लागलं. "तिच्या डोयापुढे अंधारी ये," आजी सांगत होती. मग झटके आले. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी लागलं. भगताला बोलावलं. तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. आक्काही आणि पोटातलं बाळही. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. 'लागीर' झालेली बाई घरात होती हे पुढे सोयरिकीत आड येईल म्हणून कुणी परत तिचं नाव काढलं नाही.

आई हे ऐकून गप्प बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "ताईच्या वेळी माझंही बीपी वाढलं होतं रे. म्हणून तर लवकर काढावी लागली तिला."

च्यामारी! आमच्या घरात ताईला लहानपणापासून 'आठमाशी' म्हणून चिडवायचे. मीही चिडवलंय. ती आठमाशी का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला कधी पडलाच नाही.

म्हणजे 'फॅमिली हिस्ट्री : काही नाही' या चार शब्दांमागे एक मृत्यू होता आणि एक थोडक्यात निभावलेलं बाळंतपण होतं. रात्री झोप येईना. मग अर्थातच गूगलबाबाला शरण गेलो, आणि नंतरचे चार-पाच वीकेंड यातच गेले. मी डॉक्टर नाही, साधा कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे यातलं काही वाचून औषध घेऊ नका, की बंद करू नका. पण या आजाराचा इतिहास मात्र सगळ्यांनी वाचावा असा आहे.

बऱ्हाणपूर

जगातला सगळ्यात प्रसिद्ध बाळंतपणातला मृत्यू आमच्या खानदेशात झालाय, हे तुम्हाला माहीत आहे का? मुमताज महल. १७ जून १६३१, बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, भुसावळहून खंडव्याकडे जाताना लागतं, पण तेव्हा ते खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर होता आणि मुमताज त्याच्यासोबत. चौदावं बाळंतपण. मुलगी झाली आणि आई गेली. आधी तिला तापीच्या काठी झैनाबादच्या बागेत पुरलं, मग डिसेंबरात आग्र्याला नेलं, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

तिचा मृत्यू रक्तस्रावानं झाला असं मानतात, म्हणजे आपला आजार तो नव्हे. पण विचार करा, बादशहाची राणी, हाताशी साम्राज्यातले उत्तमोत्तम हकीम, आणि तरी काही करता आलं नाही. तर तापीच्याच खोऱ्यातल्या साध्या बायकांची गत काय असणार? त्यांच्यासाठी ताजमहाल तर सोडाच, घरात नावसुद्धा घेतलं जात नव्हतं.

वीज

गरोदर बाईला झटके येतात हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचं प्रकरण आहे. त्यात ज्या बायकांची केस वैद्यानं हाती घेऊ नये त्यांची लक्षणं दिलीत, आणि त्यात इंद्रियांना उलटसुलट जाणवणं आणि आक्षेपक, म्हणजे झटके, ही दोन्ही आहेत. तो आपलाच आजार असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण आजीचं 'डोयापुढे अंधारी' आणि मग झटके हे डोक्यात असताना ते वाचलं, आणि अंगावर काटा आला.

युरोपात या झटक्यांना नाव पडलं एक्लॅम्पसिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लखकन चमकणं, विजेसारखं. नाव अगदी समर्पक वाटतं, कारण धडधाकट दिसणारी बाई अचानक कोसळते. पण मला विचाराल तर या नावानंच घोळ घातला. वीज म्हटलं की वाटतं, आता हिला कोण काय करणार? आभाळातून पडली! आणि वैद्यकाचा पुढचा सगळा प्रवास म्हणजे या विजेच्या आधी ढग येतात का, हे शोधण्याचा प्रवास आहे.

पहिला ढग दिसला तो फ्रान्समधल्या फ्रांस्वा मोरिसो या बाळंतपणाच्या डॉक्टराला. त्यानं १६६८ साली पुस्तक लिहिलं. हे झटके पहिलटकरणींना जास्त येतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आजच्या भाषेत हा पहिला रिस्क फॅक्टर! आणि तो आजही यादीत आहे.

दुसरा ढग सापडला १८४३ साली, लघवीत. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे मूत्रपिंडाच्या आजारांचे मोठे डॉक्टर होते. त्यांची पद्धत साधी होती. चमच्यात लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर तापवायची. आत प्रोटीन असेल तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळतं. त्याच हॉस्पिटलातल्या जॉन लीव्हरनं झटके आलेल्या बायकांची लघवी अशी तपासली आणि बऱ्याच जणींमध्ये प्रोटीन सापडलं. म्हणजे हे प्रकरण फक्त डोक्यातलं नव्हतं. शरीरात काहीतरी आधीपासून बिघडत होतं.

तिसरा ढग मात्र दिसायला आणखी पन्नास वर्षं लागली, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. रक्तदाब.

आनंदीबाईंकडे नसलेलं यंत्र

इथे आनंदीबाई जोशींची आठवण येणं साहजिक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. ही बाई अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली ते त्यातूनच. पेनसिल्व्हेनियातल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या, आणि प्रबंधाचा विषयच होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावं वर्षही पूर्ण व्हायच्या आत, क्षयानं त्या गेल्या.

आता गंमत पहा. समजा आनंदीबाई जगल्या असत्या, कोल्हापूरच्या वॉर्डात रुजू झाल्या असत्या आणि ताईसारखी एक बाई समोर आली असती, तरी त्यांना तिचं बीपी मोजता आलं नसतं! कारण दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीत रक्तदाब मोजायचं यंत्र इटलीच्या रिव्हा-रॉच्ची यांनी आणलं १८९६ साली. स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे ऐकायची पद्धत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी सांगितली १९०५ साली. आणि मधल्या काळात, १८९७ मध्ये, फ्रान्सच्या वाकेझ आणि नोबेकूर यांनी दाखवून दिलं की झटके येणाऱ्या बायकांचा रक्तदाब वाढलेला असतो.

म्हणजे आक्का गेली तेव्हा हे यंत्र येऊन जवळजवळ साठ वर्षं झाली होती. जगाला माहीत होतं, पण ते यंत्र यावलकडच्या त्या गावात पोचलं नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आक्काला जे झालं ते काही गूढ नव्हतं. एक पट्टा आणि पाऱ्याची नळी, एवढ्यावरून ते काही दिवस आधी दिसू शकलं असतं.

मुंबईत तेव्हा चित्र थोडं बरं होतं. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. जेरुशा झिराड यांनी १९३७-३८ मध्ये मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांची रीतसर पाहणी केली आणि १९४१ मध्ये तिचा अहवाल निघाला. बायका बाळंतपणात 'जातात' असं न म्हणता त्या कशानं गेल्या हे लिहून काढायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टिम पडली की सगळ्यात आधी लॉग बघतो, तसलंच हे काम. पुढे १९५० साली देशभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष याच.

खतातलं मीठ

उपचारांचा इतिहास मात्र वाचवत नाही. शतकानुशतकं शीर कापून रक्त काढायचे. मग आला 'विषबाधे'चा सिद्धांत. आईच्या रक्तात काहीतरी विष भिनतं म्हणून झटके येतात असं समजून आजाराचं नाव टॉक्सिमिया पडलं. ते विष काही कधी सापडलं नाही, पण नाव मात्र अजून जुन्या डॉक्टरांच्या तोंडी आहे. रशियात स्ट्रोगानॉफ यांनी अंधारी शांत खोली आणि गुंगीची औषधं ही पद्धत आणली. आपल्या मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण मांडलं, आणि भारतात ते पुढे अनेक वर्षं चाललं.

शेवटी जिंकलं कोण? मॅग्नेशियम सल्फेट. आमच्या जळगाव भागातल्या वाचकांनी हे नाव ऐकलेलं असणार, कारण केळीच्या बागेत मॅग्नेशियम सल्फेट खत म्हणून टाकतात. रसायन तेच! (खताची गोणी घेऊन दवाखान्यात जाऊ नका. इंजेक्शनचं वेगळं, शुद्ध केलेलं असतं. :-) ) अमेरिकेत १९२० च्या दशकापासून ते वापरात होतं, पण बाकी जगात डॉक्टरांचा विश्वास नव्हता. इतकं साधं, स्वस्त मीठ झटके कसे थांबवेल? हा वाद १९९५ मध्ये मिटला. भारतासह नऊ विकसनशील देशांत १६८७ बायकांवर चाचणी झाली. डायझेपामच्या तुलनेत मॅग्नेशियममुळे परत झटके येण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं, आणि फेनिटॉइनच्या तुलनेत तर दोन तृतीयांशानं घटलं. मग २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या चाचणीत दिसलं की झटके यायच्या आधीच हे औषध दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो.

यात महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. मॅग्नेशियमचा डोस ठरला होता अमेरिकन बायकांवरून. आपल्याकडच्या बायका वजनानं कितीतरी हलक्या, आणि हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी कमी डोसची पद्धत वापरून पाहिली आणि २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज भारतातल्या शोधनिबंधांत 'सरदेसाई पद्धत' हे नाव सर्रास दिसतं.

दुसरं उदाहरण नागपूरचं. वाढलेलं बीपी तातडीनं उतरवायला शिरेतून औषध देतात, पण त्याला सतत लक्ष ठेवणारी नर्स लागते. सरकारी हॉस्पिटलात एकेका नर्सकडे किती पेशंट असतात ते आपण जाणतोच. मग साध्या गोळ्यांनी काम होईल का? नागपूरच्या दोन सरकारी हॉस्पिटलांत २०१५ ते २०१७ मध्ये ८९४ बायकांवर हे तपासलं गेलं. तिघांपैकी एक गोळी द्यायची : निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथाइलडोपा. सहा तासांत, दुसरा काही अपाय न होता, बीपी ताब्यात आलं अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के बायकांमध्ये. म्हणजे तिन्ही गोळ्या कामाच्या. २०१९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. जिथे नर्स कमी आहेत अशा जगातल्या कुठल्याही दवाखान्याला नागपूरच्या त्या बायकांनी उत्तर मिळवून दिलंय. आमच्या जळगावहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी नागपूर. इतक्या जवळ हे घडत होतं आणि मला पत्ता नव्हता.

मुली आणि सुना

या सगळ्या इतिहासात माझा हिरो मात्र एक केमिस्ट आहे. लिऑन चेस्ली. हा माणूस डॉक्टर नव्हता, पीएच.डी. होता. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्याला अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. १९३१ ते १९५१ या काळात तिथे एक्लॅम्पसियातून वाचलेल्या २७० बायकांची त्यानं यादी केली, आणि पुढची तब्बल चाळीस वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. त्यांना पुढे बीपी झालं का, हृदयविकार झाला का, त्या कधी गेल्या. सगळी नोंद.

मग त्याला एक भन्नाट कल्पना सुचली. या बायकांच्या मुलींची बाळंतपणं पहायची, आणि त्यांच्या सुनांचीही. मुलगी आईच्या रक्ताची, सून बाहेरून आलेली. आजार घराण्यात चालत असेल तर मुलींमध्ये जास्त दिसायला हवा. तसंच निघालं. मुलींमध्ये तो सुनांपेक्षा कितीतरी जास्त होता.

आई → ताई. आणि आईची मावशी आक्का. चेस्लीच्या तक्त्यातली एक ओळ आमच्या मेहरूणच्या घरात बसून होती.

नक्की कारण काय, हे मात्र आजही पूर्ण उलगडलेलं नाही. शिकागोच्या जुन्या प्रसूती रुग्णालयात थोर प्रसूतितज्ज्ञांच्या नावांच्या पाट्यांमध्ये एक पाटी कोरी ठेवली होती म्हणतात, याचं कारण शोधणाऱ्यासाठी. आज एवढं कळलंय की गोष्ट सुरू होते वारेपासून. गर्भाशयातल्या ज्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात त्या नीट रुंद होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं आणि ती काही प्रोटीन्स आईच्या रक्तात सोडते. मूळचे तमिळनाडूचे डॉ. अनंत करुमंची यांच्या गटानं २००३ मध्ये त्यातलं एक ठळक प्रोटीन दाखवून दिलं. त्यानं आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. म्हणून बीपी, म्हणून लघवीत प्रोटीन, म्हणून डोळ्यांपुढे चमकणं, आणि वेळ गेली तर झटके, पक्षाघात, यकृत-मूत्रपिंड निकामी होणं. बाळाला रक्त कमी मिळतं म्हणून त्याचं वजन कमी, किंवा दिवस भरायच्या आत जन्म. म्हणूनच बाळ आणि वार बाहेर काढणं हाच आजही खरा उपाय आहे. आणि 'फार टेन्शन घेतलं म्हणून झालं' हे साफ चूक! ताईला हे किमान दहा नातेवाइकांनी ऐकवलं.

मग आपण काय करायचं?

शंभर गरोदर बायकांमागे साधारण दोन ते आठ जणींना हा त्रास होतो. जगात बाळंतपणाशी संबंधित जे मृत्यू होतात त्यातला साधारण सातवा हिस्सा वाढलेल्या बीपीचा. महाराष्ट्रातलं चित्र खूप सुधारलंय. २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता जात होत्या, २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. पण ताईची केस सांगते की पुण्यात आयटीत नोकरी, चांगला इन्शुरन्स आणि भारी हॉस्पिटल असलं म्हणून ढग येत नाहीत असं नाही.

उलट आपल्यासारख्यांची यादी पहा. पहिली खेप. पस्तिशीच्या पुढचं वय. वाढलेलं वजन. आधीपासूनचं बीपी किंवा शुगर. जुळं. आयव्हीएफ. मूत्रपिंडाचा आजार. मागच्या खेपेला झालेला त्रास. आणि आई किंवा बहिणीला झालेला त्रास. आमच्या बॅचच्या मुलींपैकी निम्म्या जणी यातल्या एका तरी ओळीत बसतील.

शेवटची ओळ महत्त्वाची का, ते ऐका. धोका असलेल्या बायकांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ॲस्पिरिनचा छोटा डोस देतात. २०१७ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत, दिवस भरायच्या आत होणाऱ्या आजाराचं प्रमाण त्यानं ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. गोळी काही रुपयांची. पण ती लवकर सुरू करावी लागते, सोळाव्या आठवड्याच्या आत. ताईची पहिली खेप होतीच, त्यात आईची हकिगत फाईलमध्ये असती तर पुण्याच्या डॉक्टरांनी या गोळीचा विचार केला असता. त्यानं सगळं टळलंच असतं असं नाही. पण ती संधी गेली, आणि ती कुठल्या दवाखान्यानं घालवली नाही. आमच्या घरातल्या गप्प बसण्यानं घालवली.

दुसरी गोष्ट आपल्या चालीरीतींची. हा आजार दिसतो विसाव्या आठवड्यानंतर, आणि बहुतेकदा शेवटच्या तीन महिन्यांत. आणि आपल्याकडे पोरीला माहेरी कधी आणतात? सातव्यात ओटीभरण, डोहाळजेवण झालं की! म्हणजे नेमकं ज्या काळात दर आठवड्या-पंधरवड्याला बीपी बघायचं, त्याच काळात गाव बदलतं, डॉक्टर बदलतो, आणि मधले दोन-तीन आठवडे कौतुकात आणि प्रवासात जातात. प्रथा सुंदर आहे, मोडू नका. पण माहेरी पोचल्यावर आधी दवाखाना, मग बोरं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. आकडे लक्षात ठेवा : १४०/९० म्हणजे डॉक्टरांकडे जा, १६०/११० म्हणजे आत्ता या क्षणी जा. फार डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली पोटात दुखणं, तोंडावर एकदम सूज, यातलं काही झालं तर 'होतंच असं' म्हणू नका. आणि बाळंतपण झालं की संपलं असंही नाही. झटके नंतरच्या दिवसांतही येऊ शकतात.

तिसरी गोष्ट आईची. आई आता चोपन्न वर्षांची आहे आणि गेली सहा वर्षं बीपीची गोळी घेते. ज्यांना गरोदरपणात हा आजार झाला त्यांना पुढे आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो, आणि बीपी कायमचं मागे लागण्याचा त्याहून जास्त. म्हणजे १९९३ सालच्या त्या बाळंतपणानं आईला तेव्हाच इशारा देऊन ठेवला होता. आम्ही त्याचं 'आठमाशी' करून हसण्यावारी नेलं. आता आईचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल मी दर सहा महिन्यांनी तपासून घेतो. ताईचंही घेणार. ती वैतागते. वैतागू दे.

मागच्या महिन्यात भाचीचा पहिला वाढदिवस झाला. मी तिच्यासाठी एक वही आणली. आमच्या घरातल्या बायकांच्या बाळंतपणांची नोंद त्यात लिहून काढलीय. आजी सांगत गेली, मी लिहीत गेलो. पहिल्याच पानावर आक्का आहे. साल १९५५ च्या आसपास, वय १७, पहिली खेप, सूज, डोकेदुखी, अंधारी, झटके. आजीला वाचून दाखवलं तर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिचं खरं नाव बी लिही."

लिहिलं. सत्तर वर्षांनी पहिल्यांदा.

तुमच्याही घरात एखादी 'लहानपणीच वारलेली' आक्का असेल. या वीकेंडला आजीला फोन करा आणि विचारा.